नातवाचा संगणक, आजोबांची शिफारस

२०२५ च्या दिवाळीला आठवडा उरला होता. सूनबाई चकल्या पाडत होती, चिरंजीव लॅपटॉपमध्ये मान घालून बसले होते आणि मी पेपर वाचत होतो. नववीतला नातू आपल्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, “आजोबा, माझा कॉम्प्युटर आजपासून रिटायर झाला.”

तारीख होती १४ ऑक्टोबर. त्या दिवसापासून ‘विंडोज १०’ला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणे थांबले. यापुढे ‘विंडोज ११’ घ्या, असा निरोप पडद्यावर येत होता. पण ते घेण्याची सोय नव्हती. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्या घरचा संगणक २०१७ च्या दसऱ्याला जुळवून घेतलेला, त्यातला प्रोसेसर सातव्या पिढीचा. एका पिढीने नापास! यंत्र मात्र ठणठणीत होते. पंखा फिरत होता, खेळ चालत होते. प्रकृती उत्तम असताना केवळ वयाचा दाखला पाहून घरी पाठवणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“नवा घेऊ या ना,” नातू म्हणाला.

“दहावी झाल्यावर बघू,” चिरंजीव म्हणाले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात हे वाक्य केव्हा ना केव्हा उच्चारले गेलेले असते आणि त्यावर अपील नसते.

“मग लिनक्स टाकू?”

आता चिरंजीवांनी मान वर केली. ते हिंजवडीत नोकरीला आहेत आणि त्यांच्या कंपनीचे सगळे सर्व्हर लिनक्सवरच चालतात. म्हणजे आमच्या घराचा निम्मा किराणा लिनक्सच्या पैशातून येतो. पण ते म्हणाले, “दिवसभर तेच असतं. घरी पुन्हा नको. आणि लिनक्सवर गेम कुठे चालतात?”

“चालतात आता,” नातू म्हणाला. “पण कोणतं लिनक्स टाकायचं ते कळत नाही. शंभर प्रकार आहेत.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात रिकामा माणूस मी एकटाच होतो.

हिरवी अक्षरे

लिनक्सशी माझी ओळख तशी दुरून, पण जुनी. मी १९८२ साली बँकेत लागलो. १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत यंत्रे येणार अशी बोलवा सुरू झाली. त्या यंत्रांविरुद्ध गेटवर घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. पुढे शाखेत यंत्र आलेच. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे लुकलुकत, आणि त्यामागे युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम असे. चुकीची आज्ञा दिली तर ती कुरकुर न करता पाळायची आणि बरोबर दिली तरी शाबासकी द्यायची नाही. अगदी आमच्या झोनल मॅनेजरांसारखी! सहा महिन्यांत मी त्या यंत्राच्या प्रेमात पडलो, हे युनियनच्या मित्रांना मी बरीच वर्षे सांगितले नव्हते.

लिनक्स हे त्या युनिक्सच्या वळणावर वाढलेले मूल. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरव्हाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी घरच्या संगणकासाठी छंद म्हणून ते लिहू लागला. त्याने लिहिला तो गाभा. त्याला कर्नेल म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, पडदा यांच्याशी बोलणी करायची आणि कामाची वाटणी करायची, हे त्याचे काम. पण नुसत्या गाभ्याने घर चालत नाही. भोवतीची पुष्कळ अवजारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. गाभा, अवजारे, खिडक्या-मेनू, नवे प्रोग्रॅम बसवण्याची सोय हे सगळे एकत्र बांधून जो तयार संच मिळतो तो ‘डिस्ट्रो’. गाभा सर्वांना मोफत आणि खुला, त्यामुळे संच कोणीही बांधावा. म्हणून शंभर प्रकार!

पण जरा खोलात गेल्यावर ध्यानात आले, की ही शंभर माणसे नाहीत, चार-दोन घराणी आहेत. गाण्यातली घराणी असतात ना, तशीच. राग तोच, पण लय वेगळी.

पहिले डेबियन घराणे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी ते सुरू केले आणि डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे व स्वतःचे नाव जोडून त्याचे नाव ठेवले. याची लय विलंबित. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि तोवर काही हलत नाही. त्याच घराण्यातून २००४ मध्ये उबुंटू निघाले आणि उबुंटूमधून २००६ मध्ये लिनक्स मिंट. उबुंटूची सीडी त्या काळात मागेल त्याला जगभर टपालाने फुकट पाठवत. मी २००६ साली मागवली होती. परदेशी पाकीट देताना आमच्या पोस्टमनने “मुलगा तिकडेच का?” म्हणून चौकशी केली होती. सीडी बरीच वर्षे कपाटात होती. वापरायचे धाडस मात्र तेव्हा झाले नाही.

दुसरे घराणे रेड हॅटच्या पाठबळावर २००३ पासून चालणारे फेडोरा. मध्य लय. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येक आवृत्तीची देखभाल तेरा महिन्यांच्या आसपास. तिसरे आर्च, २००२ सालचे. इथे आवृत्ती हा प्रकारच नाही, सतत द्रुत. आज लिहिलेले काही दिवसांत तुमच्या यंत्रात. खेळाडू मंडळींना या घराण्याचे आकर्षण फार.

दुभाषा

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळू. बहुतेक मोठे खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात. मग ते लिनक्सवर चालतात कसे?

दुभाष्यामुळे. १९९३ पासून ‘वाइन’ नावाचा एक प्रकल्प चालू आहे. विंडोजच्या प्रोग्रॅमने काही मागितले की वाइन ती मागणी लिनक्सला समजेल अशा भाषेत पोहोचवतो. हे काम इतके किचकट, की त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे! आमच्याकडे पंधरा वर्षे न जुळलेला सस्पेन्स खात्याचा हिशेब असला की त्याला राइट-ऑफ करत. या लोकांनी चिकाटी सोडली नाही.

पुढचे पाऊल आले एका खेळवेड्यामुळे. फिलिप रेबोले या जर्मन तरुणाला ‘निअर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. विंडोजचे खेळ चित्र काढण्यासाठी डायरेक्ट-थ्रीडी ही भाषा वापरतात. ती २०१६ साली आलेल्या व्हल्कन या खुल्या भाषेत उलथून देणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला, त्याचे नाव डीएक्सव्हीके. ‘स्टीम’ हे खेळांचे मोठे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ही सारी अवजारे एकत्र करून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणले. २०२२ मध्ये याच कंपनीने ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र विक्रीला काढले. त्यात आर्च घराण्यातले लिनक्स आहे. लाखो मुले लिनक्सवर खेळू लागली आणि त्यांतल्या कित्येकांना ते ठाऊकही नसेल.

थोडक्यात, ‘लिनक्सवर गेम कुठे चालतात’ हे चिरंजीवांचे ज्ञान कालबाह्य झाले होते. मी ते त्यांना सांगितले. बापाला अशी संधी वारंवार मिळत नाही.

तीन प्रश्न

निवडीला बसताना मी माझी जुनी पद्धत काढली. कर्जाचा अर्ज आला की शाखाधिकारी तीन गोष्टी पाहतो. पैसा कशासाठी हवा? अर्जदाराजवळ आज काय आहे? आणि उद्या अडचण आली तर निस्तरणार कोण? डिस्ट्रोला हेच लावायचे ठरले. नातवाने वही काढली.

पहिला प्रश्न : कशासाठी? “गेम खेळायला” हे उत्तर मी परत केले. कोणते खेळ, नावे लिही. त्याने अकरा नावे लिहिली. कोणता खेळ लिनक्सवर किती बरा चालतो याची खेळाडूंनीच ठेवलेली ‘प्रोटॉनडीबी’ नावाची नोंदवही आहे, तिच्यात एकेक नाव तपासले. दहांचे ठीक होते. काही थेट लिनक्ससाठी लिहिलेले, बाकीचे प्रोटॉनमधून चालणारे. अकराव्यावर तो थांबला.

“व्हॅलोरंट चालत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला.

“एकच ना? सोड तो.”

तो काही बोलला नाही. सूनबाईने स्वयंपाकघरातून सांगितले, “बाबा, तो सोडता येणार नाही त्याला.”

मग उलगडा झाला. पहिलीपासून त्याच्या बाकावर बसणारा त्याचा मित्र वडिलांच्या बदलीमुळे मे महिन्यात नागपूरला गेला. संध्याकाळी सात ते आठ हे दोघे त्या खेळात भेटतात. कानाला हेडफोन लावून मी खोलीतून जे ओरडणे ऐकत होतो, ते खेळाचे कमी आणि शाळा, वर्ग, नवे मास्तर यांचेच अधिक होते. बदलीची नोकरी मी अडतीस वर्षे केली. माझ्या चिरंजीवांच्या पाच शाळा झाल्या. त्यांचे मित्र कोणकोणत्या गावी राहिले, ते मी त्यांना कधी विचारले नव्हते. त्या संध्याकाळी ते लॅपटॉप मिटून आमच्याजवळ येऊन बसले.

तो खेळ का चालत नाही, त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. स्पर्धेच्या खेळांत लबाडी करणारे पुष्कळ असतात, म्हणून कंपन्या पहारेकरी बसवतात. त्याला अँटी-चीट म्हणतात. काही पहारेकरी दारात बसतात, काहींना थेट तिजोरीच्या खोलीत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच जागा हवी असते. व्हॅलोरंटचा पहारेकरी या दुसऱ्या जातीचा आणि तो लिनक्ससाठी लिहिलेलाच नाही. दुभाषा कितीही हुशार असला तरी त्याला इथे प्रवेश नाही. दुसऱ्या काही पहारेकऱ्यांची लिनक्सवर सोय आहे, पण ती चालू करायची की नाही हे खेळाची कंपनी ठरवते आणि निर्णय फिरवूही शकते. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर चालत असे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या कंपनीने ते बंद केले. म्हणून सांगतो, डिस्ट्रो कोणतीही घ्या, या दुखण्याला औषध नाही. आधी खेळांची यादी करा, डिस्ट्रोचे नाव नंतर काढा.

दुसरा प्रश्न : जवळ काय आहे? इथे ग्राफिक्स कार्ड सर्वांत महत्त्वाचे. एएमडीच्या कार्डांचा खुला ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो आणि चित्रे काढणारा भाग मेसा नावाच्या संचात. त्यामुळे कार्ड अगदी नवे असेल तर कर्नेल आणि मेसाही नवे हवेत. तिथे फेडोरा किंवा आर्च घराणे सरस ठरते, विलंबित लयीची डिस्ट्रो मागे पडते. एनव्हिडियाचे वेगळे. त्यांचा ड्रायव्हर कंपनी स्वतः देते आणि तो निराळा बसवावा लागतो. आमच्याकडे एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ सालचे. या पिढीला सांभाळणारी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची मालिका, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले होते. म्हणजे सतत नवे घेणाऱ्या डिस्ट्रोवर एके सकाळी आपल्या कार्डाला न ओळखणारा ड्रायव्हर येऊन बसण्याचा धोका. जुन्या कार्डाला द्रुत लय मानवत नाही.

तिसरा प्रश्न : निस्तरणार कोण? चिरंजीवांनी आधीच हात वर केले होते. नातवाचे नववीचे वर्ष. उरलो मी.

या तीन उत्तरांनंतर यादी आपोआप आखडली. कॅचीओएस हे आर्च घराण्यातले, वेगाची हौस असणाऱ्यांचे. नातवाचा ओढा त्याकडे होता. कार्डाचे वय पाहून ते बाद केले. बॅझाइट हे फेडोराच्या पायावरचे, खास खेळांसाठी बांधलेले. त्याचा गाभा वापरणाऱ्याला सहजी बदलता येत नाही, आणि अद्ययावत करताना काही बिघडले तर मागच्या स्थितीवर परत जाता येते. नवे एएमडी कार्ड असते तर मी तेच सुचवले असते. पॉप ओएस हे अमेरिकेतल्या सिस्टम७६ या संगणक विकणाऱ्या कंपनीचे, एनव्हिडियासाठी वेगळी प्रत देणारे. तेही शेवटपर्यंत शर्यतीत होते. स्टीम डेकमधले स्टीमओएस मुळात त्या कंपनीच्या स्वतःच्या यंत्रासाठी घडवलेले, घरी जुळवलेल्या एनव्हिडियाच्या संगणकाला ते सोयीचे नाही.

शिफारस केली लिनक्स मिंटची. २२ ही मालिका उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीवर उभी, देखभाल २०२९ पर्यंत. कार्डाला कोणता ड्रायव्हर हवा ते दाखवून बसवून देणारी खिडकी त्यात आहे. टाइमशिफ्ट नावाचे अवजार आहे, ते सिस्टीमची आजची स्थिती टिपून ठेवते आणि बिघाड झाल्यास तिथे परत नेते. शिवाय मांडणी विंडोजसारखीच, म्हणजे म्हाताऱ्यालाही कळणारी. नातू म्हणाला, “बोअरिंग आहे पण.” बँकेत याला आम्ही सुरक्षित म्हणत असू.

पुसलेली दोन प्रकरणे

मिंट पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. तिथूनच संगणक चालू करून, डिस्कला हात न लावता सगळे पाहता येते. आवाज येतो का, वाय-फाय लागते का, पडदा नीट दिसतो का, हे आधीच कळते. ही सोय जरूर वापरा.

रंगीत तालीम म्हणून मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर बसवायला घेतले. एका टप्प्यावर विचारणा झाली : विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू? मी घाईत होतो, चहा आला होता. दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारली आणि पुढे आलेल्या इशाऱ्यालाही ‘होय’ म्हटले. माझी नवी कादंबरी त्या डिस्कवर होती.

अडतीस वर्षांत एकट्याच्या सहीने मी एक व्हाउचर पास केले नव्हते. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. तिजोरीला दोन चाव्या, दोन माणसांकडे. आणि इथे सगळ्या चाव्या मीच फिरवल्या. गणेशोत्सवात नातवाने कादंबरीची एक प्रत करून ठेवली होती, म्हणून नऊ प्रकरणे वाचली. त्यानंतर लिहिलेली दोन गेली. ती मी पुन्हा लिहिली. पहिल्यापेक्षा चांगली झाली असे म्हणायचा मोह होतो, पण तसे झालेले नाही.

नातवाच्या संगणकाच्या वेळी मग शहाणपण आले. एक छोटी एसएसडी विकत आणली. नव्या संगणकापुढे तो खर्च किरकोळ. विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवली, म्हणजे चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये. मी वाचत गेलो, तो बटणे दाबत गेला. प्रत्येक टप्प्यावर “तपासलं?” “तपासलं.” अर्ध्या तासात मिंट बसली. ड्रायव्हर बसवला, स्टीम बसवले, त्यात प्रोटॉन सुरू केले. खेळ विंडोजच्या जुन्या डिस्कवरून चालवू नयेत, लिनक्सच्या डिस्कवरच नव्याने उतरवावेत, नाहीतर प्रोटॉन अडखळतो. हे एक संध्याकाळ वाया घालवून शिकलो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळपाट आहेच. माझीही सोय झाली.

विंडोजची डिस्क मग पुन्हा जोडली. ‘विंडोज १०’ला नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची मुदतवाढ जाहीर झाली होती. ती घेतली. नियम एकच : त्या बाजूला फक्त नागपूरचा मित्र आणि तो खेळ. पत्रे, बँक, अभ्यास सगळे मिंटवर.

व्यवस्था चांगली होती, पण रोज सातच्या ठोक्याला यंत्र बंद करून दुसऱ्या डिस्कवरून सुरू करायचा नातवाला कंटाळा येऊ लागला. मग दोघांनी आपसात ठरवून डोटा २ खेळायला घेतला. तो लिनक्ससाठी २०१३ पासून आहे, फुकट आहे, आणि नागपूरच्या विंडोजवरही चालतो. पहिले काही दिवस दोघेही सपाटून हरत होते. आरडाओरडा दुप्पट झाला. चिरंजीव मात्र आताशा सात वाजता त्या खोलीत डोकावतात आणि दारातच उभे राहून थोडा वेळ ऐकतात.

परवा नातू हेडफोन कानावरून सरकवून बाहेर आला. “आजोबा, त्याच्याही कॉम्प्युटरवर तोच मेसेज येतोय. तो विचारतोय, त्याला कोणतं लिनक्स चालेल?”

“कार्ड कोणतं आहे त्याचं?”

“विचारतो.”

“आणि खेळांची यादी करायला सांग. घरात निस्तरणारं कोण आहे तेही विचार.” तो वळला, तसे मी पुन्हा हाक मारली, “आणि हे बघ, कशालाही हात लावायच्या आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेव म्हणावं. आजोबांनी सांगितलंय म्हण.”